नव्या वर्षाचा नेम : थोडा, पण रोजचा

फाल्गुन वद्य द्वितीयेला देहूची बीज होते. षष्ठीला पैठणास नाथषष्ठी होते. तेथून नऊ-दहा दिवसांत चैत्र शुद्ध प्रतिपदा येते आणि शालिवाहन शकाचे नवे वर्ष सुरू होते. दारोदार गुढ्या उभ्या राहतात, देवळात पंचांगश्रवण होते, आणि मग ज्याच्या त्याच्या मनात एक विचार येतो. गेले वर्ष धावपळीत, कटकटीत गेले. हे वर्ष तरी जरा शांतपणाने जावे, काही नेम धरावा, काही परमार्थ घडावा. हा विचार चांगला आहे आणि तो आल्याबद्दल भगवंताचे उपकारच मानले पाहिजेत. परंतु हा विचार कसा धरावा, किती धरावा आणि धरल्यावर तो टिकवावा कसा, याचा विवेक केला नाही तर पाडव्याचा संकल्प हनुमान जयंतीपर्यंतही पोचत नाही, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. म्हणून प्रस्तुत लेखात या एकाच गोष्टीचा विचार करावयाचे आम्ही योजिले आहे.

मोठ्या संकल्पाची अडचण

होते काय, की पाडव्याच्या दिवशी उत्साह फार असतो. गृहस्थ म्हणतो, उद्यापासून पहाटे चार वाजता उठणार. स्नान, पूजा, संपूर्ण हरिपाठ, ज्ञानेश्वरीचा एक अध्याय, संध्याकाळी भजन, चहा बंद, राग बंद, खोटे बोलणे बंद. घरातली मंडळी ऐकून घेतात. पहिले दोन दिवस सगळे यथासांग होते. तिसऱ्या दिवशी रात्री पाहुणे येतात, झोपायला उशीर होतो, पहाट चुकते. चौथ्या दिवशी शेतावर किंवा कचेरीत काम निघते, अध्याय अर्धाच राहतो. पाचव्या दिवशी चहावाचून डोके दुखते आणि तो डोकेदुखीचा राग बायकामुलांवर निघतो. आठव्या दिवशी पोथी फडक्यात गुंडाळून कोनाड्यात जाते. आणि मग तो गृहस्थ म्हणतो, "आमच्या नशिबी परमार्थ नाही, महाराज. आमचा पिंडच प्रपंचाचा."

येथे नुकसान तीन प्रकारचे झाले. नेम गेला, हे एक. घरात शांती यावी म्हणून नेम धरला आणि त्या नेमापायीच घरात अशांती आली, हे दुसरे. मुलांना वाटू लागले की बाबांची पोथी निघाली म्हणजे आता आरडाओरडा होणार. आणि तिसरे नुकसान सर्वांत मोठे, ते असे की आपल्याच्याने काही होणार नाही अशी निराशा मनात घर करून बसली. नेम पुन्हा धरता येतो, पण ही निराशा एकदा बसली की माणूस कीर्तनालाही मागच्या रांगेत बसतो आणि आरती होण्याच्या आत उठून जातो.

दोष उत्साहाचा नव्हता. दोष मापाचा होता. पाडव्याला आपण कडुनिंबाची पाने खातो. गूळ, ओवा, मीठ, हिंग, चिंच घालून त्याची गोळी करतो आणि ती किती खातो? चिमूटभर. कडुनिंब गुणकारी आहे म्हणून वाटीभर कोणी खात नाही. वडील माणसांनी मात्रा ठरवून दिली आहे. नेमाचेही तसेच आहे. नेम सुरुवातीला थोडा कडूच लागतो, म्हणून त्याची मात्रा बेताची पाहिजे.

ज्ञानेश्वरीतील आधार

कोणी म्हणेल, हा तुमचा सोयीचा परमार्थ झाला. संतांनी तर सर्वस्व द्या असे सांगितले. तर याला आधार ज्ञानेश्वरीचाच आहे आणि तो नीट पाहण्यासारखा आहे.

गीतेच्या बाराव्या अध्यायात भगवंत अर्जुनाला पायऱ्या सांगतात. मन आणि बुद्धी दोन्ही माझ्या ठिकाणी ठेव, ही पहिली गोष्ट. ते जमत नसेल तर अभ्यासाने मला मिळवण्याची इच्छा धर. अभ्यासही होत नसेल तर कर्मे माझ्यासाठी कर. तेही होत नसेल तर कर्माच्या फळाची आशा सोड. म्हणजे देव दार लावून घेत नाही. एक जमत नसेल तर दुसरे, दुसरे जमत नसेल तर तिसरे, असे करीत करीत तो आपल्या उंबऱ्यापर्यंत खाली उतरून येतो.

यातील अभ्यासाच्या श्लोकावर माउलींनी जे निरूपण केले आहे ते आमच्या विषयाचे सारच आहे. भावार्थ असा, की बाबा रे, सगळे चित्त अखंड देता येत नसेल तर राहू दे. दिवसाच्या आठ प्रहरांत एक निमिषभर तरी देत जा. त्या निमिषात जेवढे सुख लाभेल तेवढी विषयांची गोडी आपोआप कमी होईल. शरद ऋतू लागला की नदीचे पाणी हळूहळू ओसरते, पौर्णिमेनंतर चंद्रबिंब दिवसादिवसाने कमी होत अमावास्येला नाहीसे होते, तसे चित्त भोगांतून हळूहळू निघून भगवंताकडे येते.

हे दोन्ही दृष्टांत बारकाईने पहावेत. नदीला पूर आला असता कोणी घागरी भरभरून तो ओसरवीत नाही. ऋतू पालटला की पाणी आपण होऊन उतरते. चंद्राची कला एका रात्रीत फार कमी होत नाही. प्रतिपदेचा चंद्र आणि पौर्णिमेचा चंद्र यांतला फरक पटकन ओळखूही येत नाही. पण पंधरा दिवस थांबा. माउलींनी निवडलेली दोन्ही उदाहरणे सावकाशीची आहेत. अशांती एका दिवसात जाईल असे त्यांनी सांगितलेले नाही. ती जाईल, पण कलेकलेने जाईल, असे सांगितले आहे. आणि त्याला लागणारे मोल किती, तर आठ प्रहरांतले एक निमिष. याहून लहान नेम कोणाला सांगता येईल?

त्याच निरूपणात पुढे अभ्यासाचा महिमा आला आहे. अभ्यासाच्या बळाने वाघ-सापही निवळतात, विषसुद्धा पचनी पडते, समुद्रातून पायवाट मिळते, असे माउली सांगतात. अभ्यासाचे बळ रोज करण्यात असते. एकदा पुष्कळ करणे याला अभ्यास म्हणत नाहीत.

दोन शंका

पहिली शंका अशी. गीतेच्या सहाव्या अध्यायात तर संकल्पातून उठणाऱ्या सर्व कामना टाकाव्या असे म्हटले आहे, संतही मनाच्या संकल्प-विकल्पांची निंदा करतात. मग नव्या वर्षाचा संकल्प करावा हे कसे?

समाधान. 'संकल्प' हा शब्द दोन अर्थांनी येतो. मला अमुक मिळावे, तमुक व्हावे, लोकांनी मला असे म्हणावे, अशा ज्या लाटा मनात उठतात त्याही संकल्पच. त्या टाकायच्या आहेत. आणि मी अमुक वेळी अमुक करीन, असा जो निश्चय तो दुसऱ्या अर्थाचा संकल्प. आपल्या संप्रदायात त्याला 'नेम' म्हणतात. पहिल्यात मागणे आहे, दुसऱ्यात देणे आहे. या वर्षी घर बांधून व्हावे, मुलीचे लग्न जमावे, ही इच्छा झाली. ती असण्यात पाप नाही, पण तो नेम नव्हे, कारण ती पुरी होणे आपल्या हाती नाही. रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर देवापुढे पाच मिनिटे बसेन, हा नेम झाला; तो आपल्या हाती आहे. इच्छा जितक्या वाढतात तितके मन हलते. नेम मनाला खुंटी देतो. म्हणून पाडव्याला पुष्कळ इच्छा आणि एखादाही नेम नाही, असे असेल तर वर्ष शांत कसे जाईल?

दुसरी शंका. नेम धरला तरी मन जागेवर राहत नाही. तोंडाने हरिपाठ चालतो आणि मन बाजारात असते. मग अशा नेमाचा उपयोग काय?

याचेही उत्तर माउलींनी सहाव्याच अध्यायात देऊन ठेवले आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की एक नियम जिवाभावाने आपला करावा. तेवढ्याने चित्त स्थिर झाले तर काम झालेच. नाही झाले तर त्याला मोकळे सोडून द्यावे. ते जेथे जाईल तेथून तो नियमच त्याला परत घेऊन येईल आणि असे करता करता त्याला स्थिरतेची सवय लागेल. केवढा धीर आहे या बोलण्यात! मनाच्या मागे काठी घेऊन धावायचे नाही. गाय रानात चरायला गेली तरी संध्याकाळी दाव्याच्या ओढीने गोठ्यात येते. नेम हे ते दावे आहे. म्हणून मन लागत नाही एवढ्याखातर नेम सोडू नये. मन लागत नाही म्हणूनच नेम आहे.

नेम कसा असावा

आता नेमाची लक्षणे पाहू.

पहिले, नेम लहान असावा. इतका लहान की आजारपणातही, प्रवासातही, लग्नघाईतही तो व्हावा. आपल्याला सुखाच्या दिवशी किती जमेल ते पाहून नेम ठरवू नये. सर्वांत वाईट दिवशी किती जमेल ते पाहून ठरवावा. चांगल्या दिवशी जास्त झाले तर ती देवाची कृपा समजावी.

दुसरे, त्याला वेळ आणि जागा ठरलेली असावी. पूजेच्या आरंभी भटजी संकल्प सोडायला सांगतात तेव्हा काय काय उच्चारतात, हे आपण लक्ष देऊन ऐकत नाही. त्यात देशाचा उच्चार असतो, शकाचा असतो, संवत्सराचे नाव, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार हे सारे असते. मग कोण करणार आणि काय करणार ते येते, आणि शेवटी पळीने पाणी सोडतात. कोठे, केव्हा, कोण, काय, हे चारही स्पष्ट झाल्याशिवाय शास्त्राने संकल्प पुरा मानलेला नाही. आणि आपण काय म्हणतो? "यंदा जरा नामस्मरण वाढवायचं बरं का!" यात तिथी नाही, जागा नाही, माप नाही. असा संकल्प वाऱ्यावर जातो. त्याऐवजी, रात्रीचे जेवण झाल्यावर, देवघरापुढे, हात धुऊन, एक माळ जप. असे ठरवले की त्याला पाय फुटतात.

तिसरे, तो आपल्या हातातला असावा. मुलाने व्यसन सोडावे, सुनेने उलट बोलू नये, भावाने बांध कोरू नये, हे आपले नेम होऊ शकत नाहीत. मुलगा घरी आल्यावर पहिले वाक्य मी रागाने बोलणार नाही, हा आपला नेम होऊ शकतो.

चौथे, त्याचा दुसऱ्याला जाच नसावा. आपल्या पहाटेच्या टाळांनी घरातले आजारी माणूस जागे होत असेल तर टाळ दुपारी वाजवावे. आपल्या सोवळ्यापायी घरच्या बाईला दोनदा स्वयंपाक करावा लागत असेल तर त्या पुण्यात तिचा वाटा आपल्याहून मोठा आहे, हे ओळखावे.

पाचवे, त्याची वाच्यता कमी असावी. नेम दहा जणांना सांगितला की तो पाळल्याचे समाधान सांगण्यातच मिळून जाते आणि पाळण्याचे राहते.

वारीचे उदाहरण

हे सारे वारकऱ्याला नवीन वाटू नये, कारण वारीची रचनाच अशी आहे. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींच्या पालखीचे प्रस्थान होते आणि आषाढ शुद्ध दशमीला पालखी पंढरीत पोचते. अडीचशे किलोमीटरचा आकडा डोळ्यांपुढे ठेवला तर साठ वर्षांच्या म्हातारीचे पाय घरातच थांबतील. पण ती तसा आकडा ठेवत नाही. ती म्हणते, आज सासवड. उद्या जेजुरी. मग वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण. एकेक मुक्काम, मुक्कामाच्या आत विसावा, दुपारचे जेवण, पुन्हा चाल. पुणे ते सासवड ही चाल सर्वांत लांबची, मध्ये दिवेघाट. म्हणून तिच्या आधी पुण्यास आणि नंतर सासवडास बहुधा दोन-दोन रात्रींचा मुक्काम असतो. चालण्याइतकाच विसावाही ठरलेला आहे. या शिस्तीमुळे जे एकट्याला अशक्य वाटते ते लाखो लोकांकडून दर वर्षी सहज घडते.

वर्षाच्या नेमालाही असेच मुक्काम हवेत, आणि ते संप्रदायाने देऊन ठेवले आहेत. पाडव्यापासून अकराव्या तिथीला चैत्री एकादशी येते. ती आपली पहिली वारी. तेव्हा पाडव्याला वर्षाचा नेम करूच नये; चैत्री एकादशीपर्यंतचा करावा. मध्ये रामनवमीचा विसावा आहेच. अकरा दिवस पाळून पहावा. जड जातो असे दिसले तर एकादशीला तो निम्मा करावा, यात कमीपणा नाही. अंगासरशी बसला असेल तर तोच पुढे आषाढीपर्यंत तीन महिने चालवावा. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मास, चार महिने. थोडा वाढवायचा असेल तर याच काळात वाढवावा. कार्तिकीपासून माघीपर्यंत तीन महिने, आणि माघीपासून पुन्हा चैत्रीपर्यंत दोन. तीन, चार, तीन आणि दोन, असे बारा महिने चार वाऱ्यांत बसतात. प्रत्येक वारीला एवढेच पहायचे, की नेम चालू आहे का, आणि नेमाने मन थोडे निवले आहे का?

काही छोटे नेम

आता नमुन्यादाखल काही नेम देतो. यांतला एक घ्यावा, फार तर दोन घ्यावेत. सगळे घेतले तर या लेखाचा आरंभ पुन्हा वाचावा लागेल.

सकाळचा नेम. हल्ली डोळे उघडले की हात आधी मोबाईलकडे जातो आणि जगातली सारी भांडणे अंथरुणातच आपल्या उशाशी येतात. तर नेम असा करावा, की मोबाईल हाती घेण्यापूर्वी, कोणाशी बोलण्यापूर्वी, अकरा वेळा 'रामकृष्णहरि' म्हणायचे. याला एक मिनिटही लागत नाही. पण दिवसाचा पहिला शब्द कोणाचा, हे त्यातून ठरते.

वाचनाचा नेम. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार आहेत. आपले चांद्रवर्ष सुमारे 354 दिवसांचे. रोज 26 ओव्या वाचल्या तर पाडव्यापासून पाडव्यापर्यंत एक पारायण पुरे होते. अधिक मास आला तर वर्ष सुमारे 384 दिवसांचे होते, मग रोज 24 ओव्या पुरतात. इतके जमत नसेल तर बारावा अध्याय घ्यावा. तो सुमारे अडीचशे ओव्यांचा आहे. रोज एक ओवी, अर्थासह, दोनदा वाचून. साधारण आठ-साडेआठ महिन्यांत भक्तियोगाचा सगळा अध्याय आपल्या ओळखीचा होतो. पाडव्याला सुरुवात केली तर कार्तिकी वारीनंतर सुमारे महिन्याभरात तो पुरा होईल.

जिभेचा नेम. वर्षात चोवीस एकादश्या येतात, अधिक मासाच्या वर्षी सव्वीस. एकादशीला आपण पोटाचा उपवास करतो. त्याच दिवशी जिभेचाही करावा. त्या दिवशी कोणाची उणीदुणी काढायची नाहीत, टोचून बोलायचे नाही. ज्यांना मधुमेहासारखे आजार आहेत, औषधे चालू आहेत, त्यांनी पोटाचा उपवास डॉक्टरांना विचारूनच करावा. जिभेच्या उपवासाला मात्र कोणाचीही परवानगी लागत नाही आणि तो कोणत्याही प्रकृतीला बाधत नाही.

मुठीचा नेम. रोज स्वयंपाकाला धान्य काढताना एक मूठ वेगळ्या डब्यात टाकावी. मुठीत पन्नास ग्रॅम धरले तरी वर्षाचे साडेसतरा-अठरा किलो होते. ते आषाढीला दिंडीच्या अन्नदानाला द्यावे किंवा गावातल्या गरजूच्या घरी पोचवावे. स्वयंपाकघरातच घडणारा हा परमार्थ आहे, त्याला वेगळा वेळ काढावा लागत नाही.

वाटेचा नेम. पालखीच्या वाटेवर आणि चंद्रभागेच्या वाळवंटात आपण एकही कागद, पिशवी, पत्रावळ टाकणार नाही, आणि दुसऱ्याची पडलेली एक तरी उचलू. पंढरीला भूवैकुंठ म्हणायचे आणि तेथे घाण करून यायचे, हे शोभत नाही.

रात्रीचा नेम. अंथरुणावर पडल्यावर दिवसभरात ज्याच्याशी खटका उडाला त्याला मनातल्या मनात एक नमस्कार करून झोपावे. नाथमहाराजांच्या अंगावर कोणी वारंवार थुंकला आणि ते तितक्या वेळा शांतपणे गोदावरीत स्नान करून आले, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो आणि डोळे पुसतो. आपल्याला एकशे आठ वेळा सहन करायचे नाही. एका माणसाला, एकदा, मनातल्या मनात नमस्कार करायचा आहे.

लहान नेमाचे महत्त्व

नाथांचीच आणखी एक कथा प्रसिद्ध आहे. देवगडावर जनार्दनस्वामींकडे ते हिशेब पहात असता एका पैची चूक लागेना. रात्र सरली तरी दिव्याजवळ बसून त्यांनी ती शोधून काढली आणि आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैसाठी हे चित्त असे लागते, ते भगवंताकडे लागले तर काय होईल? या कथेवर पुष्कळ निरूपण होते, पण आपल्या विषयाला धरून एक गोष्ट पहावी. चूक पैची होती, हजारांची नव्हती. लहान गोष्टीत पूर्ण लक्ष घालणाऱ्याचेच लक्ष मोठ्या गोष्टीत लागते. गुरूने शिष्याची योग्यता पैवरून ओळखली.

नेम चुकला तर

सर्वांत महत्त्वाचे हेच. नेम कधी ना कधी चुकतोच. आजारपण येते, घरात मयत होते, पेरणीचे दिवस येतात. त्यात नामाला सोयर-सुतक नाही, ही आपली सांप्रदायिक समजूत आहे, तेव्हा सुतकात पूजा थांबली तरी नामाचा नेम थांबवण्याचे कारण नाही. तरीही चुकला, तर काय करावे? दंड म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नये. दुप्पट केले की तो बोजा होतो, आणि बोजा माणूस टाळतो. आजचा आज करावा. कालचा पांडुरंगाच्या पायी घालावा. फक्त एक सांभाळावे, की एका चुकीच्या पाठोपाठ दुसरी होऊ नये. वारीत मागे पडलेला वारकरी घरी परतत नाही; दिंडी दिसेपर्यंत जरा पाय उचलतो आणि आपल्या ओळीत येऊन मिळतो.

एक वृद्ध माळकरी आम्हाला भेटले. चाळीस वर्षांची पायी वारी. दोन्ही गुडघे गेले, डॉक्टरांनी चालणे बंद केले. डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "महाराज, वारी चुकली. आता नेम कसला आन् काय कसला! जगून तरी काय करायचं?" आम्ही विचारले, "बाबा, प्रस्थानाच्या दिवशी तुम्ही काय करता?" म्हणाले, "काय करणार? तोंड फिरवून पडून राहतो. टाळांचा आवाज सोसत नाही." आम्ही म्हटले, "बाबा, तोंड फिरवू नका. त्या दिवसापासून दशमीपर्यंत रोज संध्याकाळी, मुक्कामावर समाजआरती होते त्या सुमाराला, ओट्यावर बसा. आज पालखी कोणत्या गावी आहे ते नातवाला सांगा आणि दोघे मिळून हरिपाठाचा एक अभंग म्हणा. एकच." ते काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांच्या गावी कीर्तनाला गेलो तेव्हा त्यांनी नातवाला पुढे केले. नऊ-दहा वर्षांचे पोर. त्याने आळंदीपासून वाखरीपर्यंतचे सगळे मुक्काम एका दमात म्हणून दाखवले. बाबा म्हणाले, "माझी पावलं थांबली, पण वारी घरात आली बघा." त्यांचे गुडघे बरे झाले नव्हते. दुःखही सगळे गेले असेल असे आम्ही म्हणत नाही. पण तोंड फिरवून पडणारा माणूस ओट्यावर येऊन बसला, आणि एक वारी पुढच्या पिढीच्या पदरात पडली. केवढा नेम होता तो? रोजचा एक अभंग.

एक भगिनीही म्हणतात, "आमचं काय, महाराज? चूल, गुरं, पोरं, सासूबाईंची औषधं. बसायला जागा नाही की वेळ नाही." त्यांना आम्ही एवढेच सांगतो, की बसू नका, माई. जात्यावर दळताना आणि कांडताना ज्या संप्रदायातल्या संत बायांनी देवाला हाक मारली, त्या संप्रदायाच्या तुम्ही लेकी. पहिली भाकरी तव्यावर टाकताना विठ्ठलाचे नाव घ्या. भाकरी रोज होते, म्हणून नेमही रोज होईल. निमिषभरच मागितले आहे, आणि ते निमिष देवघरातच द्यावे असे कोठे म्हटलेले नाही.

तात्पर्य

नवे वर्ष शांत जावे असे वाटत असेल तर संकटे येऊ नयेत अशी अट देवाला घालता येत नाही. पाऊस लांबेल, भाव पडेल, आजारपण येईल, घरात दोन भांडी एकत्र आली की वाजतील. शांती या गोष्टींच्या अभावात नाही. या सगळ्यांच्या मध्ये एखादी जागा न हलणारी असावी, एवढेच आपण करू शकतो. नेम ही ती जागा. ती हातभर असली तरी चालेल, पण ती रोजची असावी.

तेव्हा वारकरी बंधुभगिनींनो, या पाडव्याला गुढी उभारल्यावर तिच्यासमोर क्षणभर उभे रहावे, एकच लहान नेम मनाशी ठरवावा, त्याची वेळ आणि जागा ठरवावी, आणि चैत्री एकादशीपर्यंत अकरा दिवस तो पाळून पहावा. सूर्यास्ताला गुढी उतरते. नेम उतरू देऊ नये. ज्यांना चैत्री वारी घडेल त्यांनी तो विठ्ठलाच्या पायावर ठेवावा. ज्यांना घडणार नाही त्यांनी घरूनच हात जोडावेत, तेही तेथे पोचतात.

रामकृष्णहरि.